फेकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा!
घरगुती प्रिंटरची निगा, दुरुस्ती आणि त्यातील रोजगार

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. आमच्या लहानपणी अमरावतीच्या मोहल्ल्यांतून पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन फिरत असे. वर्षानुवर्षे दबून दगडासारखी झालेली गादी तो अंगणात उसवी, तोच जुना कापूस पिंजून काढी आणि संध्याकाळपर्यंत नव्यासारखी फुललेली गादी घरात जाई. कल्हईवाला यायचा, काळवंडलेली पितळेची भांडी चकचकीत करून जायचा. भांडे काळे पडले म्हणून ते कोणी उकिरड्यावर टाकत नसे. वस्तू बिघडली तर दुरुस्त करायची असते, हे आम्हांस कोणी शिकविले नाही. ते आम्ही रोज पाहत होतो.

आज त्याच मोहल्ल्यांत भंगारवाल्याच्या हातगाडीवर कागद छापणारे प्रिंटर दिसतात. त्यांतले कित्येक दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले असतात. भंगारवाला त्यांचे प्लास्टिकच्या वजनाने पैसे देतो. आणि आमचा अनुभव असा की, या टाकून दिलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी मेलेली नसतात. कोणाचे तोंड शाईने बुजलेले असते, कोणाच्या पोटात शाई साचलेली असते, तर कोणाच्या रबरी चाकावर नुसती धूळ बसलेली असते.

हा विषय व्यापाराच्या पानावर का, असे कोणी विचारील. त्याचे कारण उघड आहे. शाईचा प्रिंटर आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. अमरावतीच्या इतवारा बाजारातील किराणा दुकानदार त्यावर बिले आणि भावफलक छापतो. अकोल्याच्या टिळक रोडवरील कापड दुकानदार किमतीच्या चिठ्ठ्या काढतो. उर्दू शाळेचे शिक्षक इनपेजवर प्रश्नपत्रिका तयार करून घरीच छापतात. शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारच्या प्रती, रमजानमध्ये सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक, लग्नाच्या साध्या पत्रिका, ही सारी कामे त्यावर होतात. कित्येक भगिनी घरी बसून या एका यंत्रावर चार पैसे हलाल मार्गाने कमावतात. अशा घरातला प्रिंटर बंद पडला तर बंद पडते ती त्या घरची रोजी.

आमच्या घरची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरचा प्रिंटर ऐन कामाच्या दिवसांत अडून बसला. सारे दिवे लुकलुकू लागले आणि पडद्यावर सूचना आली की, यंत्राच्या एका भागाचे आयुष्य संपले आहे. आम्ही ते उचलून एका मोठ्या दुकानात नेले. तेथील गृहस्थांनी ते उघडूनही न पाहता सांगितले, "हे आता गेले. याला खर्च करू नका, नवे घ्या." नव्याची किंमत ऐकून आम्ही परत फिरलो.

काही दिवसांनी अकोल्यास जाण्याचा योग आला, तेव्हा एका परिचिताच्या सांगण्यावरून यंत्र सोबत नेले. एका बोळातल्या लहानशा दुकानात वीस-बावीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने मागचे झाकण काढले, आत विजेरी मारली आणि हसून म्हणाला, "चाचा, मशीन एकदम चांगली आहे. हिच्या पोटात शाई साचली आहे, एवढेच." अर्ध्या तासात त्याने शाईने थबथबलेली नमद्याची गादी काढून नवी बसविली, आतला हिशोब शून्यावर आणला आणि जुनी गादी पिशवीत बांधून आमच्या हाती दिली. म्हणाला, "बघून घ्या, बदलली आहे की नाही." तो प्रिंटर आजही चालू आहे. हा लेख त्याच्यावरच छापून संपादकांकडे पाठविला आहे.

त्या दिवसापासून आम्ही या यंत्राची माहिती गोळा करू लागलो. ती वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत.

यंत्र चालते कसे?

शाईच्या प्रिंटरचे मर्म त्याच्या छपाईच्या मुखात, म्हणजे हेडमध्ये असते. त्यात केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात आणि त्यांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडतात. थेंब उडविण्याच्या दोन रीती आहेत. एचपी आणि कॅनन यांच्या घरगुती यंत्रांत शाईला क्षणभर प्रखर उष्णता दिली जाते. त्याने वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. एप्सनच्या यंत्रांत उष्णता नसते. तेथे विजेने आकार बदलणारा एक स्फटिक शाईला दाबून बाहेर फेकतो.

पहिल्या रीतीचा शोध कसा लागला, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत डाख देण्याची तापलेली सळई चुकून शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. संशोधकाने ते नजरेआड केले नाही. १९८४ मध्ये एचपीने आपला पहिला शाईचा प्रिंटर बाजारात आणला आणि १९८८ मध्ये डेस्कजेट आला. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे हजार डॉलर होती. आज यंत्र स्वस्त झाले आहे. शाई मात्र स्वस्त झाली नाही.

येथेच व्यापाराचे गणित दडलेले आहे. कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये यंत्र कमी किमतीत देऊन कंपनी आपला नफा शाईत काढते. लहान काळे कार्ट्रिज शंभर-सव्वाशे पानांत संपते. समजा ते ६०० रुपयांचे असून १२० पाने देते, तर एक पान पाच रुपयांना पडले. उलट टाकीच्या प्रिंटरमध्ये, उदाहरणार्थ एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत, कंपनीच्या हिशोबाने ४,५०० पाने निघतात. समजा बाटली ४०० रुपयांची आहे, तर पान दहा पैशांच्या आत आले. प्रत्यक्षात पाने थोडी कमी निघतील, पण फरक कोठे आणि किती आहे हे ध्यानात येईल. तेव्हा रोज छपाई करणाराने टाकीचे यंत्र घ्यावे. आणि ज्याच्याकडे ते आहे त्याने ते सहजासहजी टाकू नये, कारण खरी बचत यंत्र दीर्घकाळ चालण्यातच आहे.

वऱ्हाडच्या हवेत प्रिंटर

कंपनीचे माहितीपुस्तक साऱ्या जगासाठी लिहिलेले असते. आमच्याकडची हवा वेगळी आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या कोरड्या उष्णतेत हेडच्या छिद्रांतील शाई सुकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे काम नसते, प्रिंटर दीड महिना झाकून ठेवला जातो आणि जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत तो कोरी पाने काढतो. त्यावर उपाय सोपा आहे. काम असो वा नसो, आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एक पान छापावे. जुम्म्याचा दिवस धरावा, म्हणजे विसर पडणार नाही.

दुसरी गोष्ट कूलरची. उन्हाळ्यात प्रत्येक घरात वाळ्याचा कूलर चालतो आणि प्रिंटर बहुधा त्याच खोलीत असतो. ओलसर हवेने कागद फुगतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि कागद अडकतो. पावसाळ्यातही हेच होते. यंत्र कूलरच्या झोतात ठेवू नये आणि कागदाचे रीम वेष्टनातच ठेवावे. लागतील तेवढेच कागद काढून हवेत फडफडवून घालावेत.

तिसरी गोष्ट विजेची. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटनाने बंद करावा, भिंतीवरील बटनाने नव्हे. स्वतःच्या बटनाने बंद केल्यास हेड उजवीकडे आपल्या जागी जाते आणि रबरी टोपी त्याचे तोंड झाकते. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड उघड्यावर राहते आणि एका दुपारीत सुकू लागते. म्हणून वीज येताच यंत्र चालू करून पुन्हा रीतसर बंद करावे. या प्रिंटरला वीज फार थोडी लागते, त्यामुळे संगणकाचा लहान यूपीएसही त्याला पुरतो.

चौथी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे, हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगावयास नको. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने हेड पुसले तर पाणी उडून जाते आणि क्षार छिद्रांत राहतात. रोगापेक्षा औषध भारी व्हावे तसला हा प्रकार. हेडसाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. बॅटरीच्या दुकानात ते मिळते. मात्र ते शुद्ध पाणीच आहे, तेजाब मिसळलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

बिघाड ओळखा, मग हात लावा

छपाईत रेषा पडू लागल्या की लोक लागलीच 'हेड क्लीनिंग'चा सपाटा लावतात. हे चूक आहे. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते आणि ती शाई यंत्राच्या पोटातील गादीत जाऊन बसते. पुढील क्रम पाळावा.

प्रथम 'नोझल चेक'चे पान काढावे. त्यात रेषा तुटक असतील तरच सफाई करावी. सफाईनंतर पुन्हा नोझल चेक करावे. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही, तर यंत्र बंद करून रात्रभर ठेवावे. सुकलेली शाई पुष्कळदा आपोआप भिजून सुटते. सकाळी आणखी एकदा करून पाहावे. टाकीच्या यंत्रांत 'पॉवर क्लीनिंग' म्हणून मोठी सफाई असते. ती अगदी शेवटी करावी आणि त्यापूर्वी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली असावी. नाहीतर नळ्यांत हवा शिरते आणि नवेच दुखणे उभे राहते.

कार्ट्रिजचे यंत्र असल्यास काम त्याहून सोपे आहे. बहुतेक कार्ट्रिजमध्ये हेड त्याच्या तळाशीच असते. कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर ते दोन मिनिटे टेकवावे. शाईचा ठसा उमटला की छिद्रे मोकळी झाली. तांब्याच्या संपर्कपट्ट्या वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, त्यांस बोट लावू नये.

कागद ओढला जात नसेल तर रबरी रोलर ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यावा. हेड धडाधड आपटत असेल, छपाई डावीउजवीकडे सरकत असेल, तर हेडच्या मागून जाणारी पारदर्शक पट्टी पाहावी. तिच्यावर शाईचा वा ग्रीसचा डाग असला की यंत्राला हेड कोठे आहे हेच कळत नाही. ती पट्टी अलगद, न ओढता पुसावी. आम्ही ऐकलेल्या 'बोर्ड गेला'च्या अनेक निदानांचा शेवट या पट्टीपाशी झालेला आहे.

शाईच्या बाबतीत एकच नियम आहे. आपल्या यंत्राला सांगितलेल्या जातीचीच शाई घालावी. शाईच्या दोन जाती असतात. एकीत रंग पूर्ण विरघळलेला असतो, दुसरीत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. एकीच्या टाकीत दुसरी ओतली तर गाठी धरून हेड कायमचे बुजू शकते. टाकीच्या प्रिंटरचे हेड हा त्याचा महागडा भाग आहे. शंभर रुपये वाचविण्यासाठी तो गमावणे म्हणजे दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला.

पोटातील गादी आणि पोटातील बेइमानी

आता त्या 'आयुष्य संपले' या सूचनेबद्दल. सफाईची वाया गेलेली शाई जिरविण्यासाठी यंत्राच्या तळाशी नमद्याची गादी असते. ती किती भरली याचा अंदाज यंत्र आपल्या आतल्या हिशोबात ठेवते. हिशोब पूर्ण झाला की छपाई थांबते. कॅननच्या अनेक यंत्रांवर तेव्हा ५बी०० किंवा पी०७ असा संकेत येतो. यंत्र थांबते ते योग्यच आहे, कारण भरलेली गादी ओसंडली तर शाई टेबलावर आणि विजेच्या भागांवर येईल. अयोग्य आहे ते एवढ्यावरून संपूर्ण यंत्र भंगारात काढणे. अलीकडच्या काही मॉडेलांत ही गादी डबीच्या रूपात येते आणि गिऱ्हाईक ती स्वतःच बदलू शकतो. नवे यंत्र घेताना ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

पण येथे आमच्या कारागीर बांधवांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. काही जण गादीला हात न लावता केवळ आतला हिशोब शून्यावर आणतात आणि गादी बदलल्याचे पैसे घेतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातो. दोन-तीन महिन्यांत त्याच्या टेबलावर शाईचे तळे होते. वस्तूतील दोष लपवून व्यवहार करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, हे आपण मशिदीत ऐकतो. ते दुकानाच्या गल्ल्यापाशीही आठवले पाहिजे. काढलेला जुना भाग परत देणे, खर्च आधी कागदावर लिहून देणे, स्वस्त शाई भरून अस्सलचे पैसे न घेणे, आणि यंत्रासोबत आलेली लोकांची कागदपत्रे अमानत समजून सांभाळणे, या चार गोष्टींनी दुकानाला बरकत येते. अकोल्याच्या त्या मुलाने जुनी गादी आमच्या हाती दिली, म्हणूनच आज आम्ही दहा जणांना त्याचा पत्ता सांगतो.

जगातही हाच वाद

यंत्र आपण विकत घेतले तर ते दुरुस्त करण्याचा हक्क कोणाचा, हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात असा निकाल दिला की, कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा कंपनीचा पेटंटहक्क संपतो. रिकामे कार्ट्रिज भरून विकणाऱ्यास त्या हक्काच्या जोरावर अडविता येत नाही. फ्रान्समध्ये २०१७ साली एका ग्राहक संघटनेने प्रिंटर कंपन्या मुद्दाम यंत्राचे आयुष्य कमी करतात, अशी फिर्याद नोंदविली. इटलीत डिसेंबर २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड झाला, कारण इतरांची कार्ट्रिज चालणार नाहीत ही अट ग्राहकास नीट सांगितली नव्हती. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले.

कचऱ्याचा प्रश्न तर याहून मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. तेव्हा यंत्र खरोखरच कामातून गेले, तरी ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या केंद्राकडे अथवा कंपनीकडे सोपवावे. तांब्यासाठी तारा जाळणे हे आपल्याच मोहल्ल्यातील मुलांच्या छातीत विष भरणे होय.

टाकावे केव्हा? आणि कमवावे कसे?

सगळीच यंत्रे दुरुस्त करावीत, असे आमचे म्हणणे नाही. साधा हिशोब करावा. बारा हजारांचे नवे यंत्र चार वर्षे चालले तर महिन्याला २५० रुपये पडले. जुन्यावर १,२०० रुपये खर्च करून ते आणखी एक वर्ष चालणार असेल, तर महिन्याला १०० रुपये पडतात. दुरुस्ती स्वस्त झाली. परंतु हेड आणि बोर्ड दोन्ही गेले असतील आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर मोह सोडावा. त्यातही रोलर, पट्टी, वीजपुरवठ्याचा भाग कारागिराला विकावा. एका यंत्राच्या भागांवर दुसरे उभे राहते.

आमच्या तरुणांना यात रोजगार आहे. पेचकसांचा संच, विजेचे मापक, पिचकारी, नळ्या, नमद्याच्या गाद्या, स्वच्छ फडकी आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. त्यासाठी व्याजाच्या कर्जाच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे. तो करून एखाद्या जाणत्या कारागिराकडे सहा महिने हात काळे करावेत. नंतर शाळा, मदरसे, दवाखाने, 'आपले सरकार' सेवा केंद्रे यांच्याशी वर्षाच्या देखभालीचा करार करावा. बिघाडाची वाट पाहणाऱ्या दुकानापेक्षा महिन्यातून एकदा जाऊन सफाई करणाऱ्या कारागिराची मिळकत अधिक निश्चित असते. अचलपूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर अशा गावांत तर हे काम जाणणारा माणूस घरी येईल, यापरती सोय नाही.

पवित्र कुरआनने उधळपट्टी करणारांस फार कडक शब्दांत समज दिली आहे. प्रेषित (स.) स्वतःची चप्पल स्वतः सांधत आणि आपल्या कपड्यांची शिवण स्वतः करीत, असे ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसवरून दिसते. ज्या उम्मतीचा आदर्श असा, तिने एक सुकलेली नळी पाहून बारा हजारांचे यंत्र भंगारात टाकावे, हे शोभत नाही. पिंजारी आता गल्लीत येत नाही. पण त्याची विद्या नाहीशी होऊ द्यावयाची की नव्या यंत्रावर चालवावयाची, हे आपल्या हाती आहे. या जुम्म्याला नमाजहून आल्यावर आपल्या प्रिंटरवरचे फडके काढा आणि एक पान छापून पाहा.